दोन चाचण्यांमधले सहा तास

फेब्रुवारी १९६८. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाच्या छातीत दुसऱ्या माणसाचं हृदय बसवलं. केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदयरोपण केलं, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. परळची शस्त्रक्रिया ही जगातली सहावी आणि सेन हे ती करणारे चौथे सर्जन. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी पुन्हा प्रयत्न केला. तो रुग्ण चौदा तास जगला. यशस्वी हृदयरोपणासाठी भारताला त्यानंतर १९९४ पर्यंत थांबावं लागलं.

केपटाऊनची बातमी ऐकून परळकरांनी घाईघाईने सुरी हाती घेतली, असं मात्र झालेलं नाही. सेन, परुळकर, पांडे आणि किनरे यांनी कुत्र्यांवर केलेल्या शंभर हृदयरोपणांचा अहवाल १९६५ सालीच छापून आला होता. त्याच वर्षी केईएममध्ये मृत व्यक्तीचं मूत्रपिंड जिवंत रुग्णाला बसवण्याचाही प्रयोग झाला होता. हात तयार होते, धाडसही होतं. दोन गोष्टी नव्हत्या. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून द्यायची भरवशाची औषधं तेव्हा जगातच कुठे नव्हती. सायक्लोस्पोरिन हे तसं औषध सर्रास वापरात आलं ते १९८० नंतर. दुसरी उणीव औषधाने भरून निघणारी नव्हती. माणूस मेला असं नेमकं कधी म्हणायचं, याचं उत्तर तेव्हाच्या भारतीय कायद्याकडे नव्हतं. हृदय थांबलं की मृत्यू, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. पण थांबलेल्या हृदयाला रक्त मिळत नाही आणि काही मिनिटांतच ते निकामी होऊ लागतं. म्हणजे मरणाची वाट पाहावी तर अवयव हातचा जातो, न पाहावी तर हातून गुन्हा घडतो.

या पेचामुळे एक समज फार पसरला, आजही आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मनात तो असतो: डॉक्टरांना अवयव हवे होते म्हणून त्यांनी मरणाची व्याख्याच बदलली. इतिहास पाहिला तर घटनांचा क्रम वेगळा दिसतो. मेंदूमृत्यू, म्हणजे हृदय चालू असतानाही मेंदू कायमचा मेलेला असणं, ही अवस्था अवयवरोपणाने जन्माला घातली नाही, ती श्वासयंत्राने घातली.

१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडॅम रुग्णालयात मरत होती. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवलं की श्वासनलिकेला भोक पाडून नळी घाला आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्या. पिशवी दाबायला वैद्यकाचे विद्यार्थी बसले, सुमारे दीड हजार जण, पाळ्या लावून, दिवसरात्र. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढे माणसाच्या हाताची जागा यंत्राने घेतली आणि आज ज्याला आपण अतिदक्षता विभाग म्हणतो तो उभा राहिला.

या यंत्रांनी असंख्य जीव वाचवले. पण त्यांच्यामुळे असे रुग्णही दिसू लागले जे आधी कुणी पाहिलेच नव्हते. डोक्याला जबर मार लागलेला किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला माणूस पूर्वी श्वास थांबून काही मिनिटांत मरायचा. आता यंत्र श्वास देत राही, हृदय धडधडत राही, अंग कोमट लागे. पण मेंदूकडून कसलाही प्रतिसाद नसे आणि शवविच्छेदनात मेंदू गळून गेलेला सापडे. १९५९ मध्ये पॅरिसच्या पिएर मोलारे आणि मॉरिस गुलों या डॉक्टरांनी अशा तेवीस रुग्णांचं वर्णन केलं आणि ही अवस्था कोमाच्याही पलीकडची आहे असं मांडलं. हृदयरोपण तेव्हा आठ वर्षं दूर होतं. आपण यांच्यावर उपचार करतो आहोत की नुसतं प्रेत ताजं ठेवतो आहोत, हे या डॉक्टरांपुढचं कोडं होतं. भूलतज्ज्ञांनी हा प्रश्न थेट पोपकडेही नेला होता. मृत्यूचा क्षण ठरवणं हे वैद्यकाचं काम आहे, असं पायस बारावे यांनी १९५७ सालीच त्यांना सांगून टाकलं होतं.

तरीही अवयवरोपणाचा इथे काहीच संबंध नाही, असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेने या प्रश्नाची निकड एकदम वाढवली. हार्वर्डमध्ये हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात डॉक्टरांबरोबर कायद्याचे आणि धर्मशास्त्राचे जाणकार होते. ऑगस्ट १९६८ मध्ये अहवाल आला. त्यात कारणं लपवलेली नाहीत: एक, अशा रुग्णांचा त्यांच्या कुटुंबांवर आणि रुग्णालयांवर पडणारा भार, दुसरं, जुन्या व्याख्येमुळे रोपणासाठी अवयव मिळवताना उठणारे वाद. समितीने निकष घालून दिले. रुग्णाला कशाचीच जाणीव नसावी, यंत्र तीन मिनिटं काढलं तरी त्याने स्वतःहून श्वास घेऊ नये, कोणतीही प्रतिक्षिप्त क्रिया नसावी, मेंदूचा विद्युत आलेख सपाट यावा आणि चोवीस तासांनी पुन्हा तपासून हेच आढळावं. शरीर थंड पडलेलं असेल किंवा रक्तात गुंगीची औषधं असतील, तर या निकषांना काही अर्थ नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

त्याच ऑगस्टमध्ये जपानमध्ये जुरो वाडा यांनी हृदयरोपण केलं. दाता खरोखर मेला होता का, यावरून त्यांच्यावर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण समाजाचा विश्वास उडाला. जपानमध्ये मेंदूमृत्यू मान्य करणारा कायदा यायला १९९७ साल उजाडलं. निकष ठरण्याआधी सुरी चालली की काय होतं, ते जपानने जवळजवळ तीस वर्षं सोसलं.

आपल्याकडे आज जी पद्धत आहे तिचं मूळ मात्र हार्वर्डपेक्षा ब्रिटनच्या अधिक जवळचं. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या परिषदेने १९७६ मध्ये सांगितलं की सबंध मेंदू तपासण्याची गरज नाही, मस्तिष्कस्तंभ कायमचा मेला हे सिद्ध झालं की पुरे. मस्तिष्कस्तंभ म्हणजे मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो तो बोटभर लांबीचा भाग. माणसाला जागं ठेवणारं जाळं इथे आहे, श्वासाचं केंद्रही इथेच. डोळे, चेहरा, घसा यांच्या बहुतेक नसा इथूनच निघतात, म्हणून या भागाची अवस्था बाहेरून, साध्या तपासणीने कळू शकते. मेंदू सुजला की कवटी फुगू शकत नाही; आतला दाब वाढतो आणि मेंदू खाली रेटला जाऊन हा भाग चेपतो. दाब रक्तदाबाच्या वर गेला की मेंदूला रक्तच पोचत नाही. हृदयाची गोष्ट निराळी. त्याची ठोक्याची यंत्रणा त्याच्या स्वतःच्या आतच असते, म्हणून प्राणवायू मिळतो आहे तोवर ते मेंदूविनाही काही काळ चालत राहतं. ब्रिटनलाही हे सहज पचलं नाही. १९८० मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने दाते खरंच मेलेले असतात का, असा कार्यक्रम दाखवला आणि अवयवदान काही काळ घसरलं. ख्रिस्तोफर पॅलिस यांनी त्यानंतर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूवर जी लेखमाला लिहिली, ती जगभरच्या डॉक्टरांनी वाचली.

भारतात या सगळ्याची चर्चा फक्त परिषदांमधून होत राहिली आणि इकडे दुसरंच काही वाढत गेलं. मृताचं मूत्रपिंड घेता येत नाही, मग जिवंताचं घ्या. १९८० च्या दशकात मुंबई, मद्रास, बंगळूर इथे मूत्रपिंडांचा उघड बाजार सुरू झाला. विकणारा कर्जात बुडालेला, घेणारा पैसेवाला, मध्ये दलाल. मला वाटतं, मेंदूमृत्यूच्या व्याख्येची निकड या देशात सर्वांत स्पष्टपणे दाखवली ती या बाजाराने. मेलेल्याच्या दानाचा रस्ता बंद असला की गरिबाच्या कमरेला हात घातला जातो.

१९९१ मध्ये केंद्राने एल. एम. सिंघवी यांची समिती नेमली. तिच्या अहवालावरून मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा तयार झाला. त्याला ८ जुलै १९९४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे संसदेला आपण होऊन त्यावर कायदा करता येत नव्हता. राज्यघटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाप्रमाणे किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला तशी विनंती करावी लागते. ज्या तीन राज्यांनी ती केली त्यांची नावं कायद्याच्या प्रस्तावनेतच छापलेली आहेत: गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. मराठी वाचकाने ही ओळ एकदा मूळ कायद्यात काढून पाहावी. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू म्हणजे मृत्यू, हे भारतात कायद्याने ठरलं त्यात मुंबई आणि पणजीच्या विधिमंडळांचा हात आहे.

संमती मिळून महिना व्हायच्या आत, ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो ४ फेब्रुवारी १९९५ ला. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली आणि मृत व्यक्तीची व्याख्या दुपदरी झाली: हृदय आणि श्वास थांबून मेलेला तो मृत, आणि मस्तिष्कस्तंभ मेलेला तोही मृत.

या कायद्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र व्याख्येत नाही. त्या व्याख्येपर्यंत पोचायच्या आधी डॉक्टरांना जी संथ, पायरी-पायरीची वाट चालायला लावली आहे, ते खरं मोलाचं.

पहिली पायरी म्हणजे बेशुद्धीचं कारण. ते ठाऊक हवं आणि भरून न येणारं हवं: डोक्याला मार, मेंदूतला रक्तस्राव, बराच वेळ प्राणवायू न मिळणं. कारण कळलेलं नसेल तर तपासणी तिथेच थांबते. मग मेंदूमृत्यूसारखं दिसणारं दुसरं काही नाही ना, हे बघायचं. गुंगीची किंवा स्नायू शिथिल करणारी औषधं अंगात नकोत, अंग थंड पडलेलं नको, रक्तदाब, साखर आणि क्षार बिघडलेले नकोत. आपल्या देशात आणखी एका शत्रूकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं, तो म्हणजे सर्पदंश. मण्यार किंवा नाग चावलेल्या माणसाचे सगळे स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो, पापणी हलत नाही, बाहुलीसुद्धा प्रकाशाला दाद देत नाही. वरवर पाहणाऱ्याला तो मेंदूमृत वाटेल. प्रत्यक्षात तो आतून जागा असू शकतो आणि व्हेंटिलेटरवर सांभाळला तर काही दिवसांत चालत घरी जाऊ शकतो. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि त्याची खूण कित्येकदा सापडतही नाही. कारण सिद्ध झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम अशाच माणसासाठी आहे.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष चाचणी. डोळ्यात उजेड टाकतात. बाहुली आकसत नाही. बुबुळाला कापसाचं टोक लावतात. पापणी मिटत नाही. डोकं दोन्ही बाजूंना वळवतात. मस्तिष्कस्तंभ जिवंत असेल तर डोळे उलट्या दिशेला सरकतात, इथे ते डोक्याबरोबर फिरतात. डोक्याकडची बाजू तीस अंश उचलून कानात बर्फाचं पाणी सोडतात, एका कानानंतर काही मिनिटं थांबून दुसऱ्यात. डोळे हलत नाहीत. भुवईच्या हाडावर जोराने दाबतात. चेहऱ्यावर वेदनेची रेषा उमटत नाही. घशाला स्पर्श केला तर उमळत नाही, श्वासनलिकेत बारीक नळी घातली तर खोकला येत नाही.

सर्वांत शेवटी श्वासाची चाचणी, ती सर्वांत निर्णायक. आधी काही मिनिटं शंभर टक्के प्राणवायू देतात, मग व्हेंटिलेटर सुटा करतात. श्वासनलिकेत प्राणवायूची बारीक नळी राहू देतात, म्हणजे चाचणीने इजा होत नाही. छाती आणि पोट उघडं ठेवून आठ-दहा मिनिटं टक लावून पाहतात. या काळात रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मस्तिष्कस्तंभाला श्वास घे म्हणून ढकलणारा याहून मोठा रेटा निसर्गात नाही. रक्ताच्या तपासणीत त्याचा दाब ६० मिलिमीटरपर्यंत चढलेला आढळला आणि तरी छाती एकदाही हलली नाही, तर चाचणी पूर्ण. मध्येच रक्तदाब कोसळला तर ती थांबवून यंत्र पुन्हा जोडतात.

आणि हे सगळं दोनदा. दोन चाचण्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर. कायद्याने ठरवलेल्या मंडळात चार डॉक्टर असतात: रुग्णालयाचा प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतला स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा सर्जन, आणि रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर. चौघांच्या सह्या लागतात. अवयव काढणाऱ्या किंवा बसवणाऱ्या पथकातला कुणीही या चौघांत चालत नाही. दुसऱ्या शहरात एखादा रुग्ण यकृतासाठी शेवटच्या घटका मोजत असला तरी ते सहा तास कमी होत नाहीत. नातेवाइकांशी दानाचं बोलणं होतं ते वेगळं, आणि ते नाही म्हणाले तर नाही.

नातेवाइकांना छळणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मेंदूमृत माणसाचे पाय कधी झटका देतात, बोटं हलतात, क्वचित हातही उचलला जातो. या हालचाली मज्जारज्जूतून येतात, मेंदूतून नाहीत. आधी समजावून सांगितलं नसेल, तर हलणारं बोट पाहिलेल्या आईला हे नंतर पटत नाही, आणि तिला दोष देण्यासारखं त्यात काही नाही.

गोंधळ आणखी एका बाबतीत होतो, आणि तो दूर करणारं उदाहरणही केईएमचंच आहे. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्यानंतर एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्या तिथल्याच एका खोलीत होत्या आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्यांच्यासाठी दयामरणाची याचिका झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या तीन डॉक्टरांना तपासणीला पाठवलं. अरुणा यंत्राविना श्वास घेत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर प्रतिसाद उमटत होते. म्हणजे मस्तिष्कस्तंभ जिवंत होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की त्या मेंदूमृत नाहीत. ‘कोमात आहे’ आणि ‘ब्रेन डेड आहे’ ही दोन वाक्यं आपण एकाच श्वासात वापरतो. अरुणा यांचं आयुष्य १८ मे २०१५ रोजी संपलं, तोवर त्या जिवंतच होत्या. मेंदूमृत माणूस अवयवदानाच्या कायद्याने आणि शरीरशास्त्राने मेलेला असतो, तो जगण्याच्या कुठल्याच टप्प्यावर नसतो.

मोठ्या शहरांबाहेर या कायद्याचं काय होतं, हे कळायला आता झाशीकडे पाहू. परळला हृदयरोपण झालं आणि हार्वर्डचा अहवाल आला, त्याच १९६८ साली झाशीत महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज सुरू झालं. छावणीलगतच्या सदर बाजारापासून शहराच्या जुन्या वस्तीतल्या मराठी घरांपर्यंत, अपघाताचा रुग्ण म्हटला की याच कॉलेजचं नाव पुढे येतं. आणि अपघात इथे कमी नसणार हे नकाशाच सांगतो: देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग एकमेकांना झाशीतच छेदतात. मेंदूमृत्यूची बहुतांश प्रकरणं डोक्याच्या मारातून येतात, म्हणजे ती अशाच शहरांत घडतात. १९९४ चा कायदा लिहिला गेला तो मात्र मोठ्या शहरांची रुग्णालयं समोर ठेवून. मेंदूविकारतज्ज्ञ नसेल तर मंडळच बसणार नाही, आणि लहान शहरात हा तज्ज्ञ सहज मिळत नाही.

२०११ च्या दुरुस्तीने हे ओळखलं. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा सर्जन उपलब्ध नसेल तर रोपणाच्या पथकात नसलेला सर्जन किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ यांना नेमता येईल, अशी सोय झाली. जिथे रोपण होत नाही पण आयसीयू आणि शस्त्रक्रियागृह आहे, अशा रुग्णालयांना अवयव काढण्यासाठी नोंदणी करण्याची मुभा मिळाली. आयसीयूतल्या डॉक्टरांवर नातेवाइकांना दानाबद्दल विचारण्याची जबाबदारी आली. दुरुस्ती जानेवारी २०१४ मध्ये अमलात आली, तिचे नियम त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आले. सदर बाजारातल्या एखाद्या घराला अवयवदान करायचं असेल, तर त्यासाठी आपल्या माणसाला दिल्लीपर्यंत चारशे किलोमीटर न्यावं लागू नये, एवढी वाट तरी कागदावर मोकळी झाली.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. अवयवदानाचा कायदा मस्तिष्कस्तंभ मेलेल्याला मृत म्हणतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आजही जीवनाच्या सगळ्या खुणा कायमच्या नाहीशा होण्याला मृत्यू म्हणतो आणि त्यात मेंदूचा उल्लेख नाही. त्यामुळे चार डॉक्टरांनी दोनदा तपासून सह्या केल्या आणि घरच्यांनी दानाला नकार दिला, तर त्या खाटेवरच्या माणसाला काय म्हणायचं हे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगता येत नाही. दान केलं असतं तर दुसऱ्या चाचणीची वेळ हीच मृत्यूची वेळ म्हणून कागदावर आली असती. दान न केल्यामुळे तोच माणूस व्हेंटिलेटरवर हृदय थांबेपर्यंत राहतो, कधी काही तास, कधी काही दिवस, आणि आयसीयूचं बिल घरच्यांच्या नावावर चढत राहतं. दानाला हो म्हटलं तरच माणूस मेला, असा याचा अर्थ लावला जातो आणि संशयाला नवं खाद्य मिळतं. केरळ सरकारने २०२० मध्ये मेंदूमृत्यू ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती अवयवदान होवो वा न होवो, दोन्ही वेळी लागू होतात. संसदेने १९६९ च्या व्याख्येत एका ओळीची भर घातली, तर हाच नियम केरळबाहेरही, परळला आणि झाशीला, सारखाच लागू होईल.